संशय, कॅथलिक धर्मसिद्धांतांविषयीचा

रोमन कॅथलिक चर्चने सत्य म्हणून घोषित केलेल्या एखाद्या धर्मसिद्धांताविषयी त्याच चर्चच्या श्रद्धावान अनुयायाच्या मनात उद्भवणारी प्रामाणिक शंका. नास्तिकाच्या किंवा परधर्मीयाच्या आक्षेपाहून ती वेगळी होय. कारण शंका घेणाऱ्यास चर्चचा त्याग करावयाचा नसतो. कॅथलिक मतानुसार श्रद्धा ही ईश्वरी देणगी असून तिला बुद्धीची व इच्छेची संमती लागते. सिद्धांत समजून घेताना येणारी अडचण दोषास्पद मानली जात नाही. मात्र बाप्तिस्मा झाल्यानंतर असा सिद्धांत हट्टाने नाकारणे किंवा त्याविषयी हट्टाने संशय धरणे यास १९८३ च्या चर्च-विधिसंहितेतही पाखंड म्हटले आहे. अडचण कोठे संपते व हट्ट कोठे सुरू होतो, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात पोपच्या अस्खलनशीलतेच्या वादात तीव्रतेने पुढे आला.

व्हॅटिकनची पहिली धर्मपरिषद : नववा पायस या पोपने बोलाविलेली ही परिषद ८ डिसेंबर १८६९ रोजी रोममध्ये सुरू झाली. सर्व ख्रिस्ती जनांचा गुरू या अधिकाराने श्रद्धा वा नीती यांविषयी पोप जो अंतिम निर्णय देतो तो प्रमादरहित असतो, असा सिद्धांत तीपुढे आला. १३ जुलै १८७० च्या मतदानात ४५१ मते अनुकूल, ८८ प्रतिकूल व ६२ सशर्त अनुकूल पडली. विरोधकांपैकी पन्नासहून अधिक बिशप उघड विरोध टाळण्यासाठी रोम सोडून गेले. परिणामी १८ जुलै रोजी ५३३ विरुद्ध २ मतांनी सिद्धांत संमत झाला व त्या दोघांनीही तो तत्काळ मान्य केला.

डलिंगर : म्यूनिक येथील चर्च-इतिहासाचा प्राध्यापक व धर्मगुरू योहान डलिंगर (१७९९–१८९०) याचा आक्षेप इतिहासाधिष्ठित होता. पहिला होनोरियस (कार. ६२५–६३८) या पोपने ख्रिस्ताच्या ठायी एकच इच्छाशक्ती होती, या मतास अनुकूल पत्रे लिहिली आणि त्याबद्दल ६८०–८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने त्याच्या मृत्यूनंतर त्याचा धिक्कार केला, ही घटना नव्या सिद्धांताशी विसंगत असल्याचे त्याचे म्हणणे होते. पोपचा हा निर्णय अस्खलनशीलतेच्या व्याख्येत बसणारा नव्हताच, असे समर्थकांचे उत्तर होते. २८ मार्च १८७१ च्या पत्राने डलिंगरने सिद्धांत स्वीकारण्यास नकार दिला. एप्रिलमध्ये त्यास बहिष्कृत करण्यात आले. त्याच्या सहमतांनी ‘जुने कॅथलिक’ हे स्वतंत्र चर्च उभारले. परंतु वेदीसमोर दुसरी वेदी उभारणे त्यास मान्य नव्हते. बहिष्कार अन्याय्य मानूनही त्याने धर्मगुरू म्हणून विधी करणे थांबविले आणि उर्वरित आयुष्य दोन्ही गटांच्या सीमारेषेवर काढले.

इतरांचे मार्ग : धर्मपरिषदांचा इतिहासकार व रॉटनबुर्कचा बिशप कार्ल योझेफ फोन हेफेले (१८०९–९३) याने होनोरियसच्याच आधारे विरोध केला होता, तथापि चर्चमध्ये फूट पडू नये म्हणून १८७१ मध्ये त्याने निर्णय प्रसिद्ध केला. डलिंगरचा शिष्य लॉर्ड ॲक्टन (१८३४–१९०२) विरोधक असूनही अखेरपर्यंत चर्चमध्येच राहिला. जॉन हेन्‍री न्यूमन (१८०१–९०) यास सिद्धांत मान्य होता. परंतु तो त्या वेळी घोषित करणे त्यास अनुचित वाटले. अनेक अडचणी असूनही श्रद्धा अबाधित राहू शकते, असे त्याने पूर्वीच प्रतिपादिले होते. या निर्णयामुळे कॅथलिकांची राजनिष्ठा संशयास्पद ठरते, या ग्लॅडस्टनच्या १८७४ मधील आरोपास उत्तर देताना (१८७५) त्याने अस्खलनशीलतेच्या मर्यादा दाखविल्या आणि पोपचा अधिकारही सदसद्‍विवेकबुद्धीच्या पायावरच उभा असल्याचे सांगितले. १८७९ मध्ये तो कार्डिनल झाला व २०१९ मध्ये त्यास संतपद देण्यात आले.

उत्तरकाल : १९०७ मध्ये दहाव्या पायसने आधुनिकतावादाचा निषेध केला आणि १९१० पासून धर्मगुरूंना तद्विरोधी शपथ घ्यावी लागे, ती १९६७ मध्ये रद्द झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यास मान्यता दिली. तथापि तिचा रोख शासनाच्या सक्तीविरुद्ध होता, चर्चांतर्गत मतभेदांविषयी नव्हता. स्विस धर्मशास्त्रज्ञ हान्स क्यूंग (१९२८–२०२१) याने १९७० मध्ये अस्खलनशीलतेवर पुन्हा प्रश्न उपस्थित केला. १९७९ मध्ये कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ म्हणून अध्यापन करण्याची त्याची अनुज्ञा काढून घेण्यात आली. धर्मगुरुपद मात्र कायम राहिले. धर्मशास्त्रज्ञास प्रामाणिक अडचणी येऊ शकतात आणि त्याने त्या चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मांडाव्यात, असे व्हॅटिकनने १९९० च्या निर्देशात मान्य केले. जाहीर विरोध मात्र अमान्य ठरविला.

१८७० च्या विरोधकांपुढील पुरावे बहुतांशी समान होते, त्यांचे निर्णय मात्र भिन्न झाले. अभ्यासाने पटलेले सत्य व चर्चचे ऐक्य यांपैकी कशास अग्रक्रम द्यावयाचा, हा प्रश्न प्रत्येकास स्वतःच सोडवावा लागला. त्यांची मते विद्वत्तेच्या कसोटीवर तपासता येतात. परंतु बहिष्कृत डलिंगर किंवा शरण गेलेला हेफेले यांपैकी कोणाच्याही प्रामाणिकपणाचा निवाडा केवळ त्यावरून करता येत नाही.