गाठी मारलेल्या तारा : रॉकाबिली गिटारची कुळकथा

रॉकाबिली या संगीतप्रकाराच्या जन्माची जी गोष्ट नेहमी सांगितली जाते, तिला तारीख आहे आणि पत्ताही आहे. ५ जुलै १९५४, मेम्फिस शहर, ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यू. सॅम फिलिप्सच्या छोट्याशा सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्ली, गिटारवाला स्कॉटी मूर आणि उभा बास वाजवणारा बिल ब्लॅक यांनी आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं एक गाणं जरा वेगळ्याच चालीने, उधळल्यासारखं वाजवलं आणि फिलिप्सने ते टेपवर धरलं. ही गोष्ट खरी आहे. पण ती जन्मनोंदीसारखी आहे, कुळकथेसारखी नाही. त्या रात्रीच्या कितीतरी आधीपासून, मेम्फिसपासून सुमारे १३० किलोमीटरवरच्या जॅक्सन गावाच्या आसपास, हमरस्त्यालगतच्या दारूच्या गुत्त्यांमध्ये पर्किन्स आडनावाचे भाऊ जवळपास हेच वाजवत होते. त्यातल्या मधल्या भावाचा, कार्लचा, हात कुठून आला हे पाहिलं की या संगीताचं कूळ हाती लागतं.

कार्ल पर्किन्सचा जन्म ९ एप्रिल १९३२ चा, टेनेसी राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपी नदीच्या काठच्या टिप्टनव्हिलजवळ. वडील बक आणि आई लुईस दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे. गोऱ्या कातडीचे असले तरी त्यांची गरिबी शेजारच्या काळ्या मजुरांइतकीच होती. सहाव्या वर्षापासून कार्ल शेतात उतरला. उन्हाळ्यात बारा-चौदा तासांचा दिवस, आणि त्याची व थोरला भाऊ जे याची मिळून दिवसाची कमाई पन्नास सेंट. वेचणी करताना काळे मजूर गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, म्हणत. एका ओळीवरून कुणी सुरुवात करायची, शेताच्या दुसऱ्या टोकाहून उत्तर यायचं. कार्लच्या कानावर पडलेलं पहिलं संगीत ते.

दुसरं संगीत शनिवारी रात्री रेडिओवरून यायचं. नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्री संगीताचा कार्यक्रम म्हणजे दक्षिणेतल्या गोऱ्या शेतकऱ्यांचा आठवड्याचा सण. तिथला गायक रॉय अ‍ॅकफ ऐकून पोराने गिटारचा हट्ट धरला. विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून वडिलांनी सिगारच्या खोक्याला झाडूचा दांडा जोडून एक करून दिली. पुढे एका शेजाऱ्याने आपली जुनी, पोचे आलेली गिटार एक-दोन डॉलरांत दिली.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या गिटारच्या तारा जुन्या होत्या आणि तुटायच्या. नव्या तारांना पैसे नसल्याने कार्ल तुटलेल्या तारेला गाठ मारून ती पुन्हा चढवायचा. गिटारवर एका स्वरावरून दुसऱ्यावर जायची सोपी वाट म्हणजे बोट तारेवरून घसरत न्यायचं. पण वाटेत गाठ आली की बोट कापायचं. मग त्याने दुसरी वाट काढली. बोट आहे तिथेच रोवायचं आणि तार आडवी ढकलायची. ताण वाढला की स्वर चढतो. सतारीवर तार ओढून मींड काढतात त्याच जातीची ही क्रिया. गाठ चुकवण्यासाठी शोधलेल्या या युक्तीने कार्लला नकळत ब्लूजच्या दारात नेऊन उभं केलं, कारण ब्लूजचा जीव ज्या अधल्यामधल्या, दोन पडद्यांच्या मधल्या स्वरांत असतो, ते असेच निघतात. हे कार्ल स्वतः पुढे आयुष्यभर सांगत आला.

परंतु नुसत्या अडचणीतून कला निघत नाही. गाठी मारलेल्या तारा दक्षिणेत पुष्कळ घरांत असतील. कार्लला त्या गाठीचं काय करायचं ते दाखवणारा गुरू भेटला. जॉन वेस्टब्रुक हे साठी ओलांडलेले कृष्णवर्णीय शेतमजूर त्याच मळ्यावर कामाला होते. कार्ल त्यांना ‘अंकल जॉन’ म्हणायचा. दिवस मावळला की पोरगा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचा. ते गॉस्पेल आणि ब्लूज वाजवायचे आणि पोराला सांगायचे की वाद्याच्या जवळ वाकून बस, तारेचा कंप अंगात येऊ दे. वेगळ्या पंगती, वेगळ्या शाळा, वेगळी देवळं असलेल्या त्या मुलखात गोऱ्या पोराने काळ्या वृद्धाच्या पायाशी बसून शिकावं, याला मी या कथेतला सर्वांत मोठा प्रसंग मानतो. वेस्टब्रुक यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते कार्लने मुलाखतींमध्ये ते आवर्जून घेतलं म्हणून. किती जणांनी असे गुरू सांगितलेच नाहीत!

तिसरा धागा बिल मन्रोचा. मन्रोचं ब्लूग्रास संगीत भन्नाट वेगाचं. कार्लने वेस्टब्रुक यांच्याकडून घेतलेलं तारेचं वळण मन्रोच्या वेगावर बसवलं. ब्लूज संथ चालतो, स्वर ओढायला त्यात सवड असते. ब्लूग्रासमध्ये सवड नसते. त्या घाईत तार वाकवायची तर ती झटका देऊन वाकवावी लागते. रॉकाबिलीच्या गिटारमध्ये जो नखरेल, तुटक, टोचरा आवाज येतो तो या घाईतून आलेला आहे.

१९४७ च्या सुरुवातीला कुटुंब जॅक्सनच्या बाजूला आलं. कार्ल आणि जे गुत्त्यांमध्ये वाजवू लागले, पुढे धाकट्या क्लेटनला उभा बास दिला. गुत्त्यातल्या लोकांना नाचायला ठेका लागतो, आणि गोऱ्यांच्या कंट्री संगीतात तेव्हा ड्रम जवळपास निषिद्ध होते. मग ठेका बासने धरायचा. तार बोटाने ओढून सोडायची की ती पट्टीवर फटकन आपटते, आणि स्वराबरोबर थापही मिळते. कार्ल एकाच गिटारवर खालच्या तारांत ताल धरायचा आणि ओळी-ओळींमध्ये वरच्या तारांत उत्तर द्यायचा. शेतातली ती दोन टोकांची गाणी इथे एका हातात आली. पुढे ड्रमवर डब्ल्यू. एस. हॉलंड आला, तोही आधी कधी न वाजवलेला. दिवसा कार्ल बेकरीसारख्या ठिकाणी राबायचा, रात्री गुत्ता. बाटल्या फेकल्या जायच्या, मारामाऱ्या व्हायच्या, दारूही तिथेच लागली.

१९५३ मध्ये त्याने वाल्डाशी लग्न केलं. पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एल्व्हिसची पहिली तबकडी रेडिओवर वाजली. तिच्या दुसऱ्या बाजूला मन्रोचंच गाणं होतं, मुळात तीन मात्रांच्या वॉल्ट्झचं, इथे चार मात्रांत पळवलेलं. ते ऐकून वाल्डा नवऱ्याला म्हणाली, हे तर तुम्ही वाजवता तसंच आहे. मेम्फिसमध्ये कुणीतरी आपलं संगीत समजणारा आहे एवढा अर्थ कार्लने त्यातून काढला, आणि त्या शरद ऋतूत भावांना घेऊन तो फिलिप्सच्या दारात जाऊन उभा राहिला.

सॅम फिलिप्स हा अलाबामाच्या कापूसपट्ट्यातला माणूस. एल्व्हिसच्या आधी त्याने हाउलिन वुल्फ, बी. बी. किंग अशा काळ्या कलावंतांचं ध्वनिमुद्रण केलं होतं. रॉकाबिलीला त्याने स्वतःची एक गोष्ट दिली, ती म्हणजे प्रतिध्वनी. टेपयंत्रात आवाज टिपणारं आणि वाजवणारं अशी दोन डोकी असतात आणि त्यांच्यात थोडं अंतर असतं. दुसऱ्या यंत्रावरून आवाज फिरवून आणला की तो निमिषभर उशिरा परत येतो. त्यामुळे तीन-चार जणांचा ताफा दुप्पट भरलेला वाटतो. पण एल्व्हिस हाताशी असेपर्यंत फिलिप्सने कार्लला बहुतेक कंट्रीच्याच चौकटीत ठेवलं. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याने एल्व्हिसचा करार आरसीए कंपनीला ३५,००० डॉलरला विकला आणि कार्लची वाट मोकळी झाली.

‘ब्लू स्वेड शूज’ या गाण्याची कल्पना सनसाठीच गाणाऱ्या जॉनी कॅश या गायकाने सुचवली. हवाईदलात जर्मनीत असताना एका काळ्या सहकाऱ्याच्या बुटांच्या मिजाशीची गंमत त्याला आठवत होती. कार्लला ती तेव्हा पटली नाही. मग एका नाचाच्या रात्री एक मुलगा आपल्या सुंदर जोडीदारिणीला, बुटांवर पाय देऊ नकोस म्हणून दरडावताना त्याने ऐकला. मुलीपेक्षा बूट मोठे! त्या रात्री झोप येईना, तो पहाटे उठला आणि हाताशी दुसरा कागद नव्हता म्हणून बटाट्याच्या कागदी पिशवीवर त्याने गाणं लिहिलं. ‘स्वेड’चं स्पेलिंगही त्याला येत नव्हतं, कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. १९ डिसेंबर १९५५ ला ते मुद्रित झालं आणि नव्या वर्षाच्या तोंडावर बाजारात आलं.

अमेरिकेत तेव्हा खपाच्या तीन याद्या निघत. पॉप, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज. तिसरी यादी म्हणजे व्यवहारात काळ्या गिऱ्हाइकांची यादी. हे गाणं तिन्ही याद्यांत चढलं. कंट्रीत पहिल्या क्रमांकावर, पॉपमध्ये दुसऱ्या. दहा लाखांवर खप झालेली सनची ही पहिली तबकडी. कार्लच्या हातात तीन घराण्यांचं रक्त होतं, म्हणून तिन्ही घरांनी त्याला आपलं म्हटलं असं माझं मत आहे.

२२ मार्च १९५६ च्या पहाटे, दूरचित्रवाणीवर पेरी कोमोच्या कार्यक्रमासाठी न्यूयॉर्कला जाताना डेलावेअर राज्यात डोव्हरजवळ त्यांची गाडी एका ट्रकवर आदळली. ट्रकचालक ठार झाला. जेच्या मानेचं हाड मोडलं. कार्ल बेशुद्ध होऊन पाण्यात पालथा पडला होता, त्याला हॉलंडने उताणं केलं म्हणून तो वाचला. तो यातून पुरता सावरायच्या आत, ३ एप्रिलला, एल्व्हिसने तेच गाणं मिल्टन बर्लच्या कार्यक्रमात देशभर पोहोचवलं. थोरला भाऊ जे पुढे १९५८ मध्ये मेंदूतल्या गाठीने गेला. कार्लचं चरित्र बहुतेक वेळा इथेच थांबवतात आणि हुकलेल्या नशिबाची हळहळ व्यक्त करतात. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण कुळकथेतली पुढची पिढी यानंतर येते.

४ डिसेंबर १९५६ ला कार्ल सनमध्ये ‘मॅचबॉक्स’ मुद्रित करत होता. पियानोवर नवखा जेरी ली लुईस होता. एल्व्हिस सहज भेटायला आला, कॅशही आला, आणि गप्पागाण्यांची ती बैठक टेपवर राहिली. ‘मॅचबॉक्स’ची कल्पना वडिलांनी सांगितलेल्या एक-दोन ओळींवरून आली होती. त्या ओळी टेक्सासच्या आंधळ्या ब्लूज गायकाने, ब्लाइंड लेमन जेफरसनने, १९२७ मध्येच मुद्रित केल्या होत्या. जेफरसन १९२९ मध्ये वारला, त्याला यातलं काही मिळालं नाही. कार्लच्या नावावरचं ‘एव्हरीबडीज ट्राइंग टू बी माय बेबी’ हेही रेक्स ग्रिफिनच्या १९३६ मधल्या त्याच नावाच्या गाण्यावर उभं आहे. वेस्टब्रुक यांचं ऋण मोकळेपणाने मानणाऱ्या कार्लच्या खात्यावर ही बाजूही लिहायलाच हवी.

इकडे लिव्हरपूलमध्ये जॉर्ज हॅरिसन नावाचा मुलगा या तबकड्या झिजवत होता. १९६० मध्ये स्कॉटलंडच्या दौऱ्यावर त्याने स्वतःसाठी ‘कार्ल हॅरिसन’ असं नाव घेतलं. १९६४ मध्ये कार्ल चक बेरीबरोबर इंग्लंडला गेला तेव्हा हॅरिसनच्या बीटल्स या ताफ्याशी त्याची गाठ पडली, आणि १ जूनला त्यांनी ‘मॅचबॉक्स’ मुद्रित केलं तेव्हा तो स्वतः स्टुडिओत हजर होता. कार्लची तीन गाणी बीटल्सने अधिकृत तबकड्यांवर घेतली. वेस्टब्रुक यांच्या ओसरीपासून तिथपर्यंत फक्त एक माणूस मध्ये आहे.

नंतरची वर्षं तो कॅशच्या ताफ्यात गिटार वाजवत राहिला, १९६८ मध्ये दारू सोडली, आणि त्याच सुमाराला त्याने लिहिलेलं ‘डॅडी सँग बास’ कॅशने कंट्रीच्या यादीत पहिलं नेलं. १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला घेतलं. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांसाठी जॅक्सनमध्ये त्याच्या नावाने केंद्र निघालं आणि ते आजही चालतं. १९ जानेवारी १९९८ ला तो गेला, तेव्हा हॅरिसन अंत्यविधीला आला आणि गायला.

वाचकांनी एक करावं. ब्लाइंड लेमन जेफरसनचं १९२७ चं, कार्लचं १९५६ चं आणि बीटल्सचं १९६४ चं ‘मॅचबॉक्स’ इंटरनेटवर सहज मिळतं. तिन्ही त्याच क्रमाने ऐका, आणि दुसऱ्यांदा ऐकताना गाण्याकडे लक्ष न देता फक्त गिटार ऐका.