केनियाचा शिलिंग व युगांडाचा शिलिंग : विनिमय दराचा ऐतिहासिक आढावा (१९२० ते १९८७)

प्रस्तावना :

दोन देशांच्या चलनांतील विनिमय दर हा सामान्यतः अर्थशास्त्राचा विषय मानला जातो. तथापि हा दर कोणी ठरविला, कोणत्या परिस्थितीत ठरविला आणि त्याचा भार कोणावर पडला, हे प्रश्न मूलतः इतिहासाचे आहेत. पूर्व आफ्रिकेतील केनिया व युगांडा या शेजारी राष्ट्रांची चलने एकाच चलनातून जन्माला आली व काही वर्षे परस्परांच्या बरोबरीने चालली. आज मात्र त्यांच्या मूल्यांत मोठे अंतर आहे. या वाटचालीचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखातील तुलनात्मक दर दोन्ही चलनांच्या डॉलरमधील अधिकृत दरांवरून काढले आहेत.

रुपयाचा वारसा :

शिलिंगापूर्वी या प्रदेशात भारतीय रुपया चालत होता. मुंबई बंदराशी असलेला व्यापार, किनाऱ्यावरील भारतीय व्यापारी आणि १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वे बांधणारे भारतीय मजूर यांमुळे तो अंतर्भागात पोहोचला. पहिल्या महायुद्धापूर्वी १५ रुपयांना १ पौंड, म्हणजे १ रुपयास १ शिलिंग ४ पेन्स, असा दर स्थिर होता. युद्धानंतर चांदी महागली, रुपयाचे मूल्य चढले आणि १९२० मध्ये ब्रिटिश शासनाने पूर्व आफ्रिकेत रुपयाचा दर २ शिलिंग असा निश्चित केला. यामुळे रुपयांत कर्ज घेतलेल्या गोऱ्या मळेवाल्यांचा बोजा पौंडांच्या हिशेबात निम्म्याने वाढला. त्यातच शेतमालाचे भाव कोसळले. १९२१ मध्ये मळेवाल्यांनी आफ्रिकी मजुरांची मजुरी एक तृतीयांशाने कमी करण्याचा निर्णय घेतला. १६ पेन्सांचे २४ पेन्स झाले असता त्यातून एक तृतीयांश वजा केल्यास पुन्हा १६ पेन्सच उरतात, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. चलनबदलाने मालकाचा वाढलेला खर्च अशा रीतीने मजुराच्या पदरातून वसूल झाला. या मजुरीकपातीविरुद्ध संघटन करणाऱ्या हॅरी थुकू यांना मार्च १९२२ मध्ये नैरोबीत अटक झाली आणि त्यांच्या सुटकेसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला.

समतेचा काळ :

१९१९ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या पूर्व आफ्रिकी चलन मंडळाने प्रथम फ्लोरिन व त्यानंतर शिलिंग प्रचारात आणला. २० शिलिंगांना १ पौंड हे त्याचे प्रमाण होते. केनिया, युगांडा व टांगानिका येथे हेच चलन होते. त्यामुळे त्यांच्यात विनिमय दराचा प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्यानंतर, १९६६ मध्ये, केनिया, युगांडा व टांझानिया यांनी आपापल्या मध्यवर्ती बँका स्थापन केल्या. स्वतंत्र चलने आली, परंतु दर १ : १ असाच राहिला. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले तेव्हा तिन्ही राष्ट्रांनी त्याचे अनुकरण केले नाही. त्याच वर्षी १ डिसेंबरपासून अमलात आलेल्या पूर्व आफ्रिकी समुदायाच्या करारानेही ही समता स्वीकारली.

समतेचा ऱ्हास :

समान दर टिकण्यासाठी समान आर्थिक शिस्त आवश्यक असते. तीन स्वतंत्र शासने आणि तीन स्वतंत्र बँका असताना ती राहिली नाही. १९७० च्या सुमारास परस्परांच्या चलनांवर विनिमय नियंत्रणे आली. जानेवारी १९७१ मध्ये इदी अमीन यांनी युगांडाची सत्ता बळकावली आणि १९७२ मध्ये आशियाई समाजाची हकालपट्टी केली. व्यापार व उद्योग यांची घडी विस्कटली. टंचाई व भाववाढ होत असतानाही अधिकृत दर मात्र बव्हंशी जुन्याच पातळीवर राहिला.

याचा फटका कॉफी उत्पादक शेतकऱ्यास बसला. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये हिमतुषारामुळे पीक नष्ट झाले व जगात कॉफीचे भाव वाढले. युगांडातील शेतकऱ्यास सरकारी मंडळाकडून कागदोपत्री तोलामोलाचे, पण बाजारात कवडीमोल ठरलेले शिलिंग मिळत. साहजिकच कॉफी चोरट्या मार्गाने केनियात जाऊ लागली. या काळ्या व्यापारास ‘मागेंडो’ असे नाव होते. सरहद्दीवरील व्यवहारांत दोन शिलिंगांचे खरे प्रमाण आधीच ठरले होते. शासनाने ते फार उशिरा मान्य केले.

१९७७ मध्ये समुदाय संपुष्टात आला. १९८१ मध्ये युगांडाने शिलिंग तरता सोडला तेव्हा डॉलरचा दर सुमारे ८ शिलिंगांवरून सुमारे ७८ शिलिंगांवर गेला. केनियात तो सुमारे ९ होता. म्हणजे केनियाच्या एका शिलिंगास युगांडाचे आठ ते नऊ शिलिंग पडू लागले. मे १९८७ मध्ये १०० जुन्या शिलिंगांस १ नवा शिलिंग देण्यात आला आणि त्यावर ३० टक्के कर आकारला गेला. नवा दर डॉलरला ६०, म्हणजे ६००० जुने शिलिंग. त्या हिशेबाने केनियाचा एक शिलिंग साडेतीनशेहून अधिक जुन्या शिलिंगांचा झाला. बचत रोखीत ठेवणाऱ्या सामान्य माणसास या कराची झळ थेट लागली.

निष्कर्ष :

१) १९६६ ची समता ही वसाहतकालीन एकचलनाची छाया होती, तिच्यामागे समान आर्थिक धोरण नव्हते.

२) अधिकृत दर गोठविल्याने अवमूल्यन टळले नाही; ते सरहद्दीवरील चोरट्या व्यवहारांत होत राहिले.

३) १९२१ चा मजूर, १९७७ चा कॉफी उत्पादक आणि १९८७ चा रोकडधारक या तिघांनीही आपण न घेतलेल्या निर्णयाची किंमत मोजली.

२०२४ च्या अखेरीस केनियाचा एक शिलिंग युगांडाच्या सुमारे २८ नव्या शिलिंगांबरोबर होता. २००० मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या पूर्व आफ्रिकी समुदायाने सामायिक चलनाचे उद्दिष्ट पुन्हा स्वीकारले आहे. नाणे एक करण्यापूर्वी त्यामागील धोरण एक करावे लागते, हा या इतिहासाचा धडा त्या प्रयत्नास मार्गदर्शक ठरावा.