धर्मादाय खातं

दिल्लीत मंडी हाउसच्या गोलाकडून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गाचं इंग्रजी अमदानीतलं नाव लिटन रोड. मराठी माणसाला हा रस्ता माहीत असतो तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. बाकीच्या दिल्लीला तो माहीत असतो नाटक आणि गाण्यामुळे. कमानी सभागृह १९७१चं, त्यावर नाव कमानी या उद्योजक घराण्याचं. त्याला लागून श्रीराम भारतीय कला केंद्र, सुमित्रा चरतराम यांनी १९५२मध्ये सुरू केलेलं. घराणं दिल्ली क्लॉथ मिलवाल्या सर श्रीरामांचं. गोलाच्या पलीकडे तानसेन मार्गावर फिक्कीची, म्हणजे देशातल्या व्यापार-उद्योग मंडळांच्या महासंघाची इमारत. तिचंही सभागृह आहे. म्हणजे या चौकात संध्याकाळी तुम्ही कुठेही सतारीला दाद द्या, खुर्चीचे पैसे कधीतरी कुण्या कापडवाल्याने नाहीतर कारखानदाराने मोजलेले असण्याची शक्यता बरीच.

मी सांगलीचा. आयुष्यभर दिल्लीत कर सल्लागार म्हणून काम केलं, आता निवृत्त आहे. राजधानी परिसरातल्या मराठी छोट्या उद्योजकांचं एक मंडळ आहे. त्यांच्या कार्यकारिणीने एप्रिलमध्ये वर्षभराच्या समाजकार्याचा आराखडा माझ्याकडे नजर टाकायला दिला. ज्येष्ठातल्या उन्हात पाण्याची छबील, जुलैत झाडं, १५ ऑगस्टला रक्तदान, गणपतीत शालेय साहित्य, डिसेंबरात ब्लँकेटं, अशी एकूण अकरा कामं. महिन्यापुढे महिना, कामापुढे जबाबदार सभासदाचं नाव. पैशाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द होता, ‘प्रायोजक’. मी तो रकाना पेन्सिलने गोल केला आणि लिहिलं, ‘धर्मादाय खातं कुठे आहे?’ तरुण सचिवांनी फोन करून विचारलं, ‘काका, हे काय असतं?’ पुढचा मजकूर म्हणजे त्या फोनला दिलेलं लांबलेलं उत्तर.

माझे वडील सांगलीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. माल हळद आणि गूळ. सौदा झाला, काटा झाला, की बिल होई. मालाची किंमत, अडत, हमाली, तोलाई, बारदान आणि शेवटी धर्मादाय. पोत्यामागे अगदी किरकोळ आकार. तो रोजमेळात जमा व्हायचा आणि खतावणीत त्याचं स्वतंत्र पान असायचं. दुकानाचा नफातोटा काढताना वडील त्या पानाला हात लावत नसत. वर्षाअखेरीस त्यातून पांजरपोळीतल्या जनावरांना चारा जाई, उन्हाळ्यात पाणपोईवर माणूस बसे, एका वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाचा काही भाग निघे. मालकांना एकदा हुंडी वटवायला पैसे कमी पडले आणि त्यांनी त्या पानावरून उचल मागितली. वडील म्हणाले, ‘शेठ, ते आपलं नाही.’ मालकांनी दुसरीकडून व्याजाने आणले. नोकराने मालकाला असं म्हणावं आणि मालकाने ते ऐकावं, याला त्या पेठेत कुणी फार मोठी गोष्ट समजत नव्हतं.

ही रीत सांगलीपुरती नव्हती. मुंबईत १८३२मध्ये पोलिसांनी भटकी कुत्री मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी आणि जैन रस्त्यावर आले, दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. तिचा खर्च चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी कापसासारख्या मालावर ठरावीक लागा बसवून घेतला. मुंबईत गोऱ्या व्यापाऱ्यांचा वरचष्मा असलेलं बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झालं १८३६मध्ये. म्हणजे इंग्रजी पद्धतीचं चेंबर यायच्या आधीच इथल्या बाजाराने समाजकामाचा खर्च मालाच्या उलाढालीला बांधून टाकला होता. उलाढाल वाढली की चारा वाढे. कुणापुढे हात पसरायचा नाही, कुणाच्या वाढदिवसाची वाट पाहायची नाही.

इथवर ऐकलं की सगळे खूश होतात. पण खतावणीच्या दोन बाजू असतात. धर्मादाय द्यायचा कोण? व्यापारी तो गोळा करत, पण खिशातून जायचा दुसऱ्याच्या. कधी खरेदीदाराच्या, पुष्कळदा शेतकऱ्याच्या. शेतकऱ्याला मिळणाऱ्या पट्टीत अडत, हमाली, तोलाईच्या जोडीला पांजरपोळ, गोशाळा, देऊळ, पाठशाळा असे आकार कापले जात. त्याला कुणी विचारत नसे. पाटीवर नाव मात्र पेठेचं लागे. वऱ्हाडात कारंजाला १८८६मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. १८९७मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८च्या अहवालात बाजारातल्या अशा कपातींवर बोट ठेवलं, आणि मुंबई इलाख्यात १९३९मध्ये शेतमाल बाजारांचा कायदा झाला. कपातींना लगाम बसला. आमच्या दुकानात वडिलांच्या काळी धर्मादाय खरेदीदाराच्या बिलावर आला होता, शेतकऱ्याच्या पट्टीवरून गेला होता. आजोबांच्या काळी तसं नव्हतं, हे वडील स्वतःच सांगत. सांगताना त्यांचा आवाज जरा उतरत असे.

दुसरी उणीव त्याहून मोठी. लाग्याचा पैसा कशावर खर्चायचा हे पेठ ठरवी, आणि पेठेची दृष्टी पेठेएवढीच. जनावराला चारा, यात्रेकरूला धर्मशाळा, आपल्या ज्ञातीच्या मुलाला वसतिगृह. ज्याला या यादीत जागा नव्हती, तो उपाशी राहिला तरी खातं शिल्लक दाखवी. ज्या व्हाइसरॉय लिटनचं नाव कोपर्निकस मार्गाला होतं, त्याच्याच कारकिर्दीत हे उघडं पडलं. १८७६ ते ७८ दख्खनमध्ये दुष्काळ होता. सरकारचं धोरण धान्याच्या व्यापारात हात घालायचा नाही असं होतं, आणि १ जानेवारी १८७७ रोजी लिटनने दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केलं. त्या दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, गेले. जरीच्या गर्दीत अंगावर खादी घालून. मानपत्रात त्यांनी हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मागितला. इकडे सभेची माणसं दुष्काळी तालुक्यांतून माहिती जमवून सरकारला पाठवत होती. दुष्काळी कामांवरची मजुरी कापली गेली आणि मजूर कामं सोडून निघाले, तेव्हा सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. पांजरपोळीच्या खात्यातून हे काम झालं नसतं. त्याला पैशापेक्षा कुणाची बाजू घ्यायची हे ठरवणं लागतं.

पुढच्या पिढीने गंमत केली, पैसा गोळा करायची जुनी रीत ठेवली आणि हेतू पालटला. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला. टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि १९०८मध्ये तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. दान देणारा कोण, तर पैसा देऊ शकणारा कुणीही. मिळणार काय, तर देशी काच आणि ती करणारे शिकलेले हात. मला हा महाराष्ट्रातल्या व्यापारी समाजकार्याचा सर्वांत हुशार प्रयोग वाटतो, कारण त्यात देणारा आणि लाभ घेणारा एकाच रांगेत होते.

मग चेंबरांचा काळ आला. १९२७मध्ये वालचंद हिराचंदांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स काढलं. त्याच वर्षी फिक्की निघाली, आणि १९३२-३३मध्ये वालचंद तिचे अध्यक्ष झाले. १९३४मध्ये पुण्यात आ. रा. भटांनी मराठा चेंबर उभं केलं. त्या वेळच्या चेंबरांची मुख्य लढाई रेल्वेचे दर, जकात, रुपयाचा विनिमय दर आणि देशी जहाजं यांची होती. समाजकार्य म्हणून वेगळं कलम फारसं लागत नसे. दर उतरला तर सोलापूरच्या कापडाचं आणि नगरच्या गुळाचं भलं होई, तेच काम. मात्र या बदलात एक गोष्ट निसटली. चेंबर वर्गणीवर चालतं, आणि वर्गणी सभासद देतो. पोत्यामागचा आकार तिथे नव्हता, तसं खतावणीतलं ते स्वतंत्र पानही नव्हतं. त्याच्या जागी आला देणगीदार, आणि देणगीदाराबरोबर फलक.

कायद्याने मात्र त्या पानाची आठवण ठेवली. १९५०च्या मुंबई सार्वजनिक न्यास कायद्यात, आजच्या महाराष्ट्र सार्वजनिक न्यास व्यवस्था कायद्यात, ५४वं कलम खास धर्मादायाचं आहे. व्यापाराच्या रीतीप्रमाणे धर्मकार्यासाठी जी रक्कम घेतली जाते, ती घेणारा तिचा विश्वस्त ठरतो, आणि वर्षाचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. माझ्या धंद्यात हे कलम मी अनेकदा उघडलं, कारण प्राप्तिकरवाले विचारत, बिलावर घेतलेली रक्कम उत्पन्न का नाही? कोपर्निकस मार्गाच्या टोकाहून भगवानदास रोडने चालत गेलं की टिळक मार्गावर सर्वोच्च न्यायालय लागतं. तिथे हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात निकाल झाला. ग्राहकाकडून रीतीप्रमाणे घेतलेला धर्मादाय पहिल्या क्षणापासून दानासाठी राखलेला असतो, म्हणून ते गिरणीचं उत्पन्न नाही. २०१९मध्ये पुन्हा तोच प्रश्न संगमनेरच्या तंबाखू व्यवसायातल्या डी. जे. मालपाणी यांच्या बिलांवरून आला, या वेळी उत्पादन शुल्काच्या अंगाने. धर्मादाय हा मालाच्या किमतीचा भाग धरता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. माझ्या वडिलांनी शेठना तीन शब्दांत जे सांगितलं होतं, त्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात दोनदा मान्यता मिळाली.

दरम्यान २०१३चा कंपनी कायदा आला. १ एप्रिल २०१४पासून ५०० कोटी निव्वळ मालमत्ता, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी एक तरी असलेल्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात. सुरुवातीला पुष्कळांनी पैसे खर्चले नाहीत आणि अहवालात कारणं लिहिली. म्हणून २०२१पासून नियम कडक झाले. चालू प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत बँकेतल्या वेगळ्या खात्यात टाकायचे आणि तीन वर्षांत संपवायचे. ते वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. दिल्लीतल्या मोठमोठ्या डोक्यांनी फिरून फिरून शेवटी दिवाणजीचं वेगळं पान शोधून काढलं होतं.

आपल्या मंडळाचे सभासद या मर्यादेच्या फार खाली आहेत. कुणाचं फरिदाबादला सुट्या भागांचं वर्कशॉप, कुणाचं नोएडात छपाईचं काम, कुणाचा करोलबागेत मसाल्यांचा व्यापार. त्यांना कायदा काही सांगत नाही. म्हणूनच त्यांनी जुनी रीत तिच्या दोषांसकट नीट वाचायला हवी. मी सचिवांना जे लिहून दिलं ते असं. पहिल्यांदा वेगळं बँक खातं. प्रत्येक सभासदाने आपल्या नफ्यातून बिलामागे एक छोटी रक्कम त्यात टाकायची. ग्राहकाच्या बिलावर लावायची नाही, म्हणजे ‘पैसा कोणाचा’ हा जुना डाग लागणार नाही. खर्च ठरवणाऱ्या समितीत निम्मी माणसं सभासदांबाहेरची, त्यातही वर्कशॉपमधले कामगार. वर्षाचा हिशेब दारावर लावायचा, छायाचित्रांच्या आधी.

आणि कामं? यादी अकरावरून दोनवर आणा, असं मी सुचवलं. पुण्याच्या मराठा चेंबरने २०२०मध्ये कोविडच्या वेळी शहरातल्या उद्योगांना, डॉक्टरांना, प्रशासनाला एका मंचावर आणलं, आणि २०२१च्या एप्रिलमध्ये प्राणवायूचं संकट आलं तेव्हा परदेशांतून व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर मागवून वाटले. ते जमलं, कारण माल कुठून घ्यायचा, विमानात जागा कशी मिळवायची, कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे व्यापाऱ्याला येतं. ब्लँकेट कुणीही वाटू शकतं. लेथ चालवायला, छपाईचा रंग जुळवायला, मालाचा साठा लिहायला शिकवणं आपल्याच सभासदांना येतं, आणि दिल्लीत ते शिकायला तयार असलेली मुलं प्रत्येक वस्तीत आहेत. पहिलं काम हे शिकवण्याचं; दुसरं छबीलचं राहू द्या, कारण उन्हात पाणी देण्याला कारण लागत नाही.

कार्यकारिणीत यावर भांडण झालं. अकरा कामांपैकी नऊ गेली म्हणजे नऊ जणांची नावं गेली. एकाने विचारलं, फलक नसेल तर सभासद पैसे का देतील? प्रश्न खोटा नाही. कमानी सभागृहालाही नाव आहेच. पण तिथे नावाआधी खुर्च्या, रंगमंच आणि रोजची झाडलोट आली, आणि पन्नास वर्षांनंतरही पडदा वर जातो. मंडळाने शेवटी खातं उघडायचं मान्य केलं, कामं पाच ठेवली आणि प्रशिक्षणाला अर्धी रक्कम दिली. माझ्या हिशेबाने हा तोटा नाही. खातं एकदा वेगळं झालं की पुढच्या वर्षी निदान प्रश्न तरी बरोबर विचारला जाईल.