पडद्यावरील पुराणप्राणी आणि बालाघाटाचा काळा दगड

भयापासून दूर पळणें हा प्राणिमात्राचा धर्म आहे. परंतु पदरचे पैसे मोजून अंधारांत बसावें आणि दोन तास मनसोक्त भिऊन घ्यावें, ही हौस एकट्या मनुष्यालाच आहे. ती पुरविणारे बोलपट दरवर्षीं निघतात आणि बहुधा दुसऱ्या वर्षीं विसरले जातात. 'ज्युरासिक पार्क' हा बोलपट मात्र १९९३ सालीं निघाला आणि आज तीस वर्षें उलटून गेल्यावरही घरोघर आवडीनें पाहिला जातो. गेल्या दिवाळीच्या सुटींत धाराशिव येथील आमच्या घरीं नातवंडांनीं तो लावला होता. पेल्यांतील पाण्यावर वलयें उठूं लागलीं आणि इतका वेळ कलकलाट करणारीं मुलें एकदम गप्प झालीं. चित्र संपल्यावर धाकट्यानें विचारलें, "आजोबा, हीं जनावरें आपल्या इकडं होतीं का हो?" प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचें उत्तर शोधूं लागलों, तेव्हां असें दिसून आलें कीं, या बोलपटाची गोडी इतकीं वर्षें कां टिकली, याचें उत्तरही त्याच वाटेवर आहे.

या बोलपटाची वंशावळ बरीच जुनी आहे. 'डायनोसॉर' हें नांव रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४२ सालीं प्रचारांत आणलें. पुढें १९१२ मध्यें शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनीं, एका दुर्गम पठारावर हे प्राणी अद्याप जिवंत आहेत अशी कल्पना करून 'द लॉस्ट वर्ल्ड' ही कादंबरी लिहिली. आणि १९२५ मध्यें तिच्यावरून मूकपट निघाला. त्यांतील प्राणी विलिस ओब्रायन आणि त्याचे सहकारी यांनीं उभे केले. बाहुल्याचें एक चित्र घ्यावयाचें, त्याचा पाय केसभर पुढें सरकवावयाचा, पुन्हा चित्र घ्यावयाचें, असा तो चिकाटीचा उद्योग. चित्र पुरें होण्यापूर्वींच, १९२२ सालीं, डॉयल यांनीं त्याचा कांहीं भाग न्यूयॉर्क येथें जादूगारांच्या एका मेळाव्यांत कसलाही खुलासा न करतां दाखविला, तेव्हां हातचलाखींत मुरलेले ते लोकही चकित झाले.

हा उद्योग केवळ अमेरिकेंतच चालला होता, असें मात्र समजूं नये. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ मध्यें वाटाण्याच्या रोपाची वाढ असेंच एकेक चित्र घेऊन टिपली होती आणि त्या छोट्याशा पटाच्या बळावर भांडवल देणाऱ्याची खात्री पटविली होती. पुढें १९१५ च्या सुमारास त्यांनीं आगकाड्यांना पडद्यावर नाचविलें. ओब्रायननेंही डायनोसॉरचा आपला पहिला छोटा पट १९१५ मध्येंच तयार केला. समुद्राच्या दोन टोकांस, एकमेकांची वार्ता नसतां, दोन माणसें निर्जीव वस्तूंत प्राण भरण्याची एकच विद्या साधीत होतीं. एकानें पुढें पुराणांतील देव पडद्यावर आणले, दुसऱ्यानें पुराणाहूनही पुरातन असे प्राणी आणले. १९३३ च्या 'किंग काँग'मध्यें हीच विद्या पूर्णत्वास पोंचली. तो पट तेराव्या वर्षीं पाहून रे हॅरीहाउसेन याने हाच व्यवसाय पत्करला, आणि त्याचे पट पाहत वाढलेली पिढी पुढें चित्रपटांच्या धंद्यांत शिरली.

'ज्युरासिक पार्क' हें या परंपरेचें फळ होय. मायकेल क्रायटन यांची कादंबरी १९९० ची; दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग. स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यांत घडविलेलीं यांत्रिक जनावरें आणि संगणकानें रेखाटलेलीं जनावरें यांत इतक्या बेमालूमपणें मिसळलीं आहेत कीं, सांधा सांपडत नाहीं. परंतु ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. दोन तासांहून अधिक लांबीच्या या बोलपटांत डायनोसॉर प्रत्यक्ष दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटें. बाकीचा वेळ त्यांची चाहूल, त्यांचा श्वास, हलणारीं पानें, आणि तें पेल्यांतील पाणी. दाखविण्यापेक्षां दडविण्याची कला येथें अधिक आहे, आणि पुढें आलेल्या भागांत नेमकी तीच हरवली.

शास्त्राच्या कसोटीवर हा बोलपट फारसा टिकत नाहीं. ज्याच्या नांवानें तो ओळखला जातो त्या ज्युरासिक काळांत त्यांतील मुख्य प्राणी टायरॅनोसॉरस जन्मलाही नव्हता. तो पुढील क्रिटेशस काळाच्या अखेरीचा. व्हेलोसिरॅप्टर हा प्राणी वस्तुतः टर्की पक्ष्याएवढा व पिसांचा होता. राळेंत अडकलेल्या डासाच्या पोटांतील रक्तावरून प्राणी पुन्हा निर्माण करणें तर अशक्यच. कारण वंशसूत्रांचें तें द्रव्य इतका काळ टिकत नाहीं. तेव्हां या गोडीचें मूळ माहितींत नाहीं हें उघड आहे.

तें मूळ, आमच्या मतें, या प्राण्यांकडे पाहण्याच्या दृष्टींत आहे. आमचा जिल्हा तुळजाभवानीचा. रेड्याच्या रूपानें आलेल्या असुरास पायाखालीं घालणारी अष्टभुजा येथील लहान मूलही ओळखतें. पशुरूप संकट यावें आणि देवतेनें त्याचा वध करावा, हा आमच्या कथांचा जुना सांचा. पाश्चात्त्य चित्रेंही फार काळ याच सांच्यांत होतीं. काँगला अखेर उंच इमारतीवरून पडून मरावें लागलें. 'द लॉस्ट वर्ल्ड'मध्यें मात्र लंडन शहरांत धुमाकूळ घालणारा प्रचंड प्राणी पुलासकट नदींत कोसळतो आणि शांतपणें पोहत निघून जातो. 'ज्युरासिक पार्क'मध्यें तर आजारी पडून धापा टाकणाऱ्या त्रिशृंगी प्राण्याच्या पोटावर शास्त्रज्ञ अंग टेकून त्याचा श्वास ऐकतो, आणि शेवटच्या झटापटींत माणसें केवळ जीव घेऊन पळतात. लढाई जनावरांची जनावरांशीं होते. येथें असुर कोणी नाहीं. प्राणी आपल्या धर्माप्रमाणें वागतो. चूक आहे ती त्याला कुंपणांत घालून तिकीट लावूं पाहणाऱ्या मनुष्याची. बालकाला प्राणी आवडतो, प्रौढाला चूक कळते, आणि एकाच घरांत दोघांनाही तें चित्र पुरून उरतें. १९९४ मध्यें तें हिंदी भाषेंत आलें तेव्हां इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकांनींही त्यास गर्दी केली व परदेशी चित्रांस देशी भाषेची वाट मोकळी झाली, याचें कारण हेंच असावें.

आतां नातवाचा प्रश्न. हे प्राणी आपल्या देशांत निश्चित होते. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून प्रसिद्ध असलेल्या स्लीमन यास १८२८ सालींच जबलपुराजवळ त्यांचीं हाडें सांपडलीं होतीं. 'डायनोसॉर' हा शब्द तेव्हां निघालाही नव्हता. लायडेकर यानें १८७७ मध्यें त्या प्राण्यास 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असें नांव दिलें. नागपूरचे मिशनरी हिस्लॉप यांनीं चांदा जिल्ह्यांतील वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथून असेच अवशेष जमविले. त्याच गांवच्या अश्मीभूत शेणांत २००५ सालीं गवताचे सूक्ष्म कण आढळले आणि डायनोसॉरांच्या काळीं गवत नव्हतें हा जुना समज मोडला. गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यांतील एका प्रचंड प्राण्यास तर रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून 'बारापासॉरस टागोराय' म्हणतात; 'बडा पा', म्हणजे मोठा पाय.

मग धाराशिवास कांहीं कां मिळत नाहीं? कारण येथें वर काळा दगड आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं, म्हणजे ज्या सुमारास डायनोसॉर नाहींसे झाले त्याच सुमारास, दख्खनची भूमि ठिकठिकाणीं फाटून तप्त रसाचे पूर वाहिले आणि थरावर थर बसले. बालाघाटाचे डोंगर, ज्यांत धाराशिवचीं लेणीं कोरलीं तो कडा, नळदुर्गाचा कोट आणि त्यांतील पाणीमहालाचा बांध, हें सर्व त्याच रसाचें. जबलपूर, पिसदुरा हीं स्थळें या आवरणाच्या कडेला असल्यामुळें तेथें खालचे थर उघडे पडतात. आमच्याकडे ते झांकलेले आहेत.

तें झांकण एकदां उघडावें लागलें, आणि त्याचें कारण सांगतांना हात थबकतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारी-सास्तूरची भूमि हादरली. देशांतील अत्यंत स्थिर म्हणून गणलेली ही भूमि. मातींत रचलेल्या काळ्या दगडाच्या जाड भिंती आणि वरचीं जड माळवदें झोंपेंतील माणसांवर कोसळलीं. लातूर व आमचा असे दोन जिल्हे मिळून हजारों माणसें गेलीं. शहरांत आमच्या घरीं मांडणीवरील भांडीं वाजूं लागलीं, तो आवाज अद्याप कानांत आहे. पुढें कारण शोधण्यासाठीं किल्लारीस शास्त्रज्ञांनीं ६१७ मीटर खोल छिद्र घेतलें. सुमारे ३४० मीटरपर्यंत काळा दगड; त्याखालीं अवघा आठ मीटरांचा, रसाचे पूर येण्यापूर्वींच्या गाळाचा थर; आणि त्याखालीं अतिप्राचीन खडक. वीतभर रुंदीच्या छिद्रांतून हाडें हातीं लागावीं ही अपेक्षा व्यर्थ. परंतु डायनोसॉरांच्या काळची जमीन आमच्या पायाखालीं आहे, एवढें त्यानें दाखविलें.

त्यानंतर कांहीं महिन्यांनीं तो बोलपट आम्हीं पाहिला. पेल्यांतील पाणी हललें, तेव्हां भोंवतालचे लोक जनावराची वाट पाहूं लागले. आम्हांस मांडणी आठवली. मनुष्यानें मोजलेली, कुंपण घातलेली, निर्धोक म्हणून शिक्का मारलेली गोष्ट त्याच्या हिशेबाबाहेर जाऊं शकते, हें तें चित्र सांगतें. आणि आमच्या जिल्ह्यानें तें त्याच वर्षीं फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलें होतें.

नातवास आम्हीं सांगितलें, "असतील बाळ, पण ते या दगडाच्या खालीं आहेत." तो कांहीं वेळ अंगणांतल्या फरशीकडे पाहत राहिला. मग वाकून त्यानें तिला कान लावला.