तेलुगु गृहांतील पंचांग

तिथि, वार, नक्षत्र, योग व करण हीं पांच अंगें सर्व भारतांत एकच आहेत. परंतु तीं गृहस्थाच्या आयुष्यांत किती खोलवर शिरलीं, हें पाहावयाचें असल्यास आंध्र व तेलंगण या प्रांतांकडे वळावें. तेथील पंचांगही आपल्याप्रमाणें अमान्त मासांचें व शालिवाहन शकाचें. म्हणून आपला गुढीपाडवा तोच त्यांचा उगादि. त्या दिवशीं निंबाचीं फुलें, गूळ, चिंच, कैरी, मीठ व तिखट यांची षड्रसयुक्त पच्चडी सेवन करून मंडळी पंचांगश्रवणास बसतात. सिद्धांती वर्षाचा राजा व मंत्री कोणता ग्रह, पर्जन्य कसा, हें सांगतो. मग राशीराशीचें आय-व्यय आणि राजपूज्य-अवमान अंकांनीं वाचतो. शेतकऱ्याचे कान पर्जन्याकडे, व्यापाऱ्याचे आय-व्ययाकडे!

पूर्वीं दस्तऐवजांत कालनिर्देश बहुधा संवत्सर, मास व तिथि यांनीं होई. तेंच नांव साठ वर्षांनीं फिरून येत असल्यानें शकांक न दिल्यास संशय उरे. तेलुगूचे अभ्यासक सी. पी. ब्राउन यांनीं अशा कालगणनेवर ‘कर्नाटिक क्रॉनॉलॉजी’ हा ग्रंथ १८६३ सालीं प्रसिद्ध केला. घरांत मात्र हेंच चक्र उत्सवाचें कारण होतें: जन्मसंवत्सर पुन्हां आलें कीं षष्टिपूर्ति, आणि वृद्ध दांपत्याचा विवाहविधि मुलानातवंडांसमक्ष नव्यानें होतो.

नक्षत्रचरणावरून नामाक्षर, प्रवासापूर्वीं वर्ज्य व दुर्मुहूर्त, गुरुशुक्रांच्या अस्तांत म्हणजे ‘मूढम्’ काळांत विवाहबंदी, हें सर्व परिचितच आहे.

खरी अडचण श्राद्धतिथीची. तेलुगु घरांत त्यास ‘तद्दिनम्’ म्हणतात. वार्षिक श्राद्धास अपराह्णव्यापिनी तिथि घ्यावयाची. पण प्राचीन सिद्धांतावरील आणि दृग्गणिताच्या पंचांगांत तिथ्यन्त कधीं कधीं कांहीं तासांनीं भिन्न पडतो. दोघे भाऊ दोन पंचांगें मानीत असल्यास एकाच पित्याचें श्राद्ध दोन दिवशीं होऊं शकतें, आणि हा भेद केवळ गणिताचा राहत नाहीं. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधार समिति १९५२ सालीं नेमली गेली; २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झालें. सरकारी कागदांवर तें आलें, घरचा निर्णय मात्र पुरोहिताकडेच राहिला. एका अर्थीं तें योग्यच. कारण श्राद्धकर्त्यास शुद्ध गणिताइतकीच पित्याच्या परंपरेचीही चाड असते.

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या तेलुगु कुटुंबांसाठीं आतां तेथील सूर्योदयावरून केलेलीं पंचांगें निघतात. तिथ्यन्ताचा क्षण जगभर एकच. परंतु घड्याळें निराळीं, म्हणून गुंटूरास जें व्रत आज, तें न्यूयॉर्कास कधीं आदल्याच दिवशीं येतें.