कॅमेऱ्याचं ओझं कोणाच्या पाठीवर?

ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बरंचसं तसंच आहे.

दोन-तीन श्रोत्यांनी विचारलं होतं की प्रवासासाठी हलका मोनोपॉड कुठला घ्यावा आणि त्यावर हेड कुठलं लावावं. म्हटलं, सोपं आहे, अर्ध्या तासाचा भाग होईल. शोधायला बसलो आणि थेट १८५१ सालात जाऊन पोचलो. माझं हे असंच होतं. ऑफिसात एक बग शोधायला घेतला की तीन वर्षांपूर्वी कोणी काय लिहून ठेवलं होतं ते वाचत बसतो.

पण आधी एक कबुली. गेल्या सप्टेंबरात आम्ही मित्र हमता पासच्या ट्रेकला गेलो होतो. माझ्या सॅकमध्ये हेडसकट दोन किलोच्या वर जाणारा ट्रायपॉड होता. पहिल्याच दिवशी खांदे भरून आले म्हणून दुसऱ्या दिवशी मी पैसे भरून सॅक दिली. खेचरं कमी पडत होती, त्यामुळे काही सॅक पोर्टर उचलत होते. माझी सॅक ज्याच्याकडे गेली तो विशीतला मुलगा होता. ट्रायपॉड आत मावत नव्हता, म्हणून त्याने तो वरून आडवा बांधला होता, आणि प्रत्येक पावलाला त्याची नळी त्याच्या मानेवर आपटत होती. हे मला चौथ्या दिवशी दिसलं, तेही तो समोर चालत होता म्हणून. मुक्कामाला पोचल्यावर त्याने विचारलं, "सर, ये है क्या?" मी सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा. खोला तो नहीं आपने." खरंच होतं. चार दिवसांत मी तो दोनदा उघडला होता.

तर आजचा विषय वरवर मोनोपॉडचा आहे, पण मला खरं तर त्या ओझ्याबद्दल बोलायचंय.

१८५१ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने वेट कोलोडियन पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर कोलोडियन ओतायचं, काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि लगेच डेव्हलप करायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. काच वाळली की संपलं. म्हणजे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे डार्करूमही गेली पाहिजे. तंबू, रसायनांच्या बाटल्या, धुवायला पाणी, काचांच्या पेट्या आणि भलामोठा लाकडी कॅमेरा. एक्स्पोजर काही सेकंदांपासून मिनिटांपर्यंत, त्यामुळे तिपाईशिवाय फोटो निघणं अशक्यच. रॉजर फेंटन १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढायला गेला तो ३६ मोठ्या पेट्या, सुमारे ७०० काचा आणि दारूच्या व्यापाऱ्याकडून घेतलेली एक घोडागाडी घेऊन. गाडीची त्याने डार्करूम केली होती.

पण फेंटनकडे घोडे होते. हिमालयात घोडागाडी जात नाही.

सॅम्युअल बॉर्न हा नॉटिंगहॅमचा बँकेतला कारकून. नोकरी सोडून १८६३ मध्ये तो भारतात आला. पुढे बॉर्न अँड शेफर्ड हे नाव देशभर झालं, मुंबईतही त्यांची शाखा होती, आणि कोलकात्यातलं दुकान अगदी २०१६ मध्ये बंद झालं. त्याच १८६३ च्या पावसाळ्यात बॉर्न सिमल्याहून सतलजच्या खोऱ्यात निघाला. बरोबर सुमारे ३० हमाल. पुढच्या सफरींत हा आकडा वाढत गेला. १८६६ मध्ये तो कुलू, लाहौल, स्पितीमार्गे मणिरंग खिंडीत पोचला आणि १८,६०० फुटांवर त्याने फोटो काढले. इतक्या उंचीवरचे फोटो त्यानंतर वीस वर्षं कोणाला जमले नाहीत, असं सांगतात. फोटो अप्रतिम आहेत, यात वाद नाही.

मी एक हिशोब करून बघितला. त्याच्या काचा १२ बाय १० इंचाच्या होत्या. जाडी ३ मिलिमीटर धरली तर एक काच ५८० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे आज मी ज्या मोनोपॉडचं वजन शंभर ग्रॅमनी कमी व्हावं म्हणून रात्री एक वाजेपर्यंत रिव्ह्यू वाचतो, तो अख्खा मोनोपॉड बॉर्नच्या एका काचेएवढा. शंभर काचा म्हणजे ५८ किलो, पेट्या वेगळ्या.

बॉर्नने आपल्या सफरींवर ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’मध्ये लेखमाला लिहिल्या. त्यात निसर्गाची वर्णनं सुंदर आहेत, आणि हमालांविषयीची तक्रार पानोपानी आहे. ते पळून जातात, ओझी टाकतात, लपून बसतात. लपलेल्यांना शोधायला आपण काठी घेऊन गेलो आणि ती वापरली, हेही त्याने लपवलेलं नाही. वाचताना मला पहिल्यांदा राग आला, आणि मग तो मानेवर आपटणारा ट्रायपॉड आठवला. मी कोणाला काठी मारली नव्हती, पैसे भरले होते, पावती होती. तरीपण.

त्या फोटोंखाली डोंगराचं नाव असतं, खिंडीचं नाव असतं. काचा कोणी वाहून नेल्या त्यांची नावं नसतात.

आपल्याकडेही हे सगळं फार उशिरा आलं असं नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी. आणि अजिंठ्याला रॉबर्ट गिल होता. १८४४ मध्ये कंपनीने त्याला भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवायला पाठवलं. त्यातली बहुतेक चित्रं १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पण मधल्या काळात तो कॅमेऱ्याकडे वळला होता, आणि १८६४ मध्ये त्याचे ७४ फोटो असलेलं लेण्यांवरचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. वाघूर नदीच्या त्या वळणावरून तिपाई आणि काचा घेऊन वर चढणं काय असेल, हे अजिंठ्याच्या पायऱ्या उन्हात चढलेल्या माणसाला सांगायला नको.

ओझं कमी कशाने झालं? आधी रसायनाने. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली. दहाएक वर्षांत ती बाजारात स्थिरावली. डार्करूम घरी राहिली, आणि एक्स्पोजर सेकंदाच्या अंशावर आलं. म्हणजे हातात धरून फोटो निघू लागले. त्याच सुमाराला बाहेरून चालायच्या काठीसारख्या दिसणाऱ्या आणि आतून तीन पाय निघणाऱ्या तिपाया विकायला आल्या. मला त्या फार आवडतात. हलकं सामान हवं ही हौस आपली एकट्याची नाही, एवढं तरी कळतं.

सिनेमाला मात्र तिपाई सुटली नाही. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. तसले कॅमेरे हाताने फिरवायचे असत. एक हात हँडलवर म्हटल्यावर खाली तीन पाय हवेतच. असो, हा वेगळा भाग होईल.

मग येतो ऑस्कर बार्नॅक, या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस. जर्मनीतला मेकॅनिक. त्याला दम्याचा त्रास होता आणि डोंगरात फिरायची आवड होती. थुरिंगियाच्या जंगलात तो १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचांचा कॅमेरा आणि काचांचे सहा दुहेरी होल्डर घेऊन भटकायचा आणि धापा टाकायचा. छोटी निगेटिव्ह घ्यावी आणि नंतर फोटो मोठा करावा, हा विचार त्याच्या डोक्यात तिथे आला. पुढे लाइट्झ कंपनीत त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला, आणि १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत तो लायका म्हणून लोकांसमोर आला. आपण आज ज्याला फुल फ्रेम म्हणतो तो २४ बाय ३६ मिलिमीटरचा चौकोन तिथून रुळला. बॉर्नचं ओझं दुसऱ्यांच्या पाठीवर होतं, त्यामुळे कॅमेरा लहान करायची त्याला घाई नसावी. बार्नॅकचं त्याच्या स्वतःच्या फुप्फुसांवर होतं. हे माझं मत आहे, इतिहासकारांचं नाही.

कॅमेरा छोटा झाला, पण मग लेन्स लांब झाल्या. वानखेडेवर सीमारेषेबाहेर बसलेले फोटोग्राफर आठवा. प्रत्येकाच्या लेन्सखाली एक काठी असते. ती लेन्सला स्थिर ठेवतेच, पण त्याहून जास्त म्हणजे तिचं वजन जमिनीवर सोडते. दिवसभर तीन-चार किलो हातात धरून दाखवा.

आता खरेदी. ढोबळ नियम असा की २०० मिलिमीटरची लेन्स हातात धरली तर शटर १/२०० च्या खाली नेऊ नये. मोनोपॉडने साधारण दोन ते तीन स्टॉप मिळतात, म्हणजे १/५० किंवा १/२५ पर्यंत जाता येतं. वर-खाली होणारी थरथर तो जवळपास थांबवतो. पुढे-मागे झुकणं आणि स्वतःभोवती फिरणं तो थांबवत नाही. त्यामुळे रात्रीच्या ताऱ्यांचे फोटो विसरा. कॅमेऱ्यातल्या स्टॅबिलायझेशनमुळे आता मोनोपॉड लागत नाही असं म्हणणारे आहेत. छोट्या लेन्सला ते खरं आहे. पण सेन्सर कितीही हलला तरी तुमचा हात दुखायचा थांबत नाही.

कार्बन की ॲल्युमिनियम? ॲल्युमिनियमची घनता २.७, कार्बन फायबर कंपोझिटची १.६ च्या आसपास. गिट्झो या जुन्या फ्रेंच कंपनीने १९९४ मध्ये कार्बन फायबरचा ट्रायपॉड आणला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. ट्रायपॉडमध्ये तीन पाय असल्याने फरक मोठा पडतो. मोनोपॉडला एकच पाय, फरक शंभर-दीडशे ग्रॅमचा, आणि किंमत दुप्पट-तिप्पट. खिसा बघून ठरवा. थंडीत कार्बन हाताला कमी गार लागतो, हा माझ्यासाठी खरा मुद्दा ठरला.

पाच भागांचा मोनोपॉड घडी केल्यावर छान छोटा होतो, पण शेवटची नळी करंगळीएवढी आणि ती वाकते. मी चार भागांचा घेतला. उंचीचं गणित: डोळ्यांच्या उंचीतून कॅमेरा आणि हेड वजा करा, मग पंधरा सेंटिमीटर वाढवा, कारण डोंगरात काठीचं टोक बऱ्याचदा तुमच्या पायांच्या खाली टेकतं.

हेडबद्दल माझं मत ठाम आहे. बॉल हेड घेऊ नका. मोनोपॉड स्वतःच गोल फिरतो, डावी-उजवीकडे कलतो. राहिलं काय, तर फक्त वर-खाली. त्यासाठी एका सांध्याचं टिल्ट हेड पुरतं. बॉल सैल केला की कॅमेरा सगळ्या दिशांना लवंडतो आणि लांब लेन्स असेल तर नाकावर आपटतो, अनुभव आहे. आणि हेडवर लिहिलेल्या ‘इतके किलो पेलतं’ या आकड्यावर जाऊ नका. तो मोजायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत नाही. आर्का पद्धतीची प्लेट घ्या, पण दुकानात स्वतः लावून बघा. तिचंही लेखी प्रमाण नाही, आणि खटक्याच्या क्लॅम्पमध्ये अर्धा मिलिमीटरने प्लेट सैल राहते.

स्क्रूचं मात्र उलट आहे, आणि यावर मी एकटा पाऊण तास बोलू शकतो. कॅमेऱ्याखालचं भोक पाव इंची, मोनोपॉडच्या डोक्यावरचा स्क्रू तीन अष्टमांश इंची. आपल्या हार्डवेअरवाल्यांच्या भाषेत दोन सूत आणि तीन सूत. पाव इंचीला इंचाला २० आटे. याचं मूळ जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेल्या आट्यांच्या प्रमाणात आहे. पुढे अमेरिकन आटे आले, कोन ५५ अंशांचा ६० झाला, पण इंचाला आटे तेवढेच राहिले, म्हणून जुनं नव्यात बसतं. आज ते आयएसओ १२२२ मध्ये आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वीची लायब्ररी चालेनाशी झाली म्हणून रात्री जागतो, आणि इथे दीडशे वर्षं कोणी इंटरफेस मोडलेला नाही. खात्री करायला मी बोहरी आळीतून दोन सुताचा बोल्ट आणला आणि कॅमेऱ्याखाली हलक्या हाताने फिरवला. बसला. दुकानदाराने एका बोल्टचे पैसेच घेतले नाहीत.

माझा मोनोपॉड, टिल्ट हेड आणि प्लेट मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ७४० ग्रॅम भरले. आई म्हणाली, "काठीच घ्यायची होती तर आजोबांची होती की." ट्रायपॉड एका मित्राला विकला. जूनमध्ये स्पितीला जायचं ठरतंय. सॅक अकरा किलोत बसवायची आहे, एवढी मला स्वतःला झेपते. सध्या रोज संध्याकाळी ती पाठीवर घेऊन पर्वती चढतोय. तिथले नेहमीचे आजोबा लोक विचारतात, कुठे निघालात?