खांदेरीचा फेरा
दिवाळीनंतर थळच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायचा, पहाटे होडीनं खांदेरी बेटाला वळसा घालायचा, खडपांच्या कडेनं गरीला कोळंबी लावून बसायचं, असा भाच्यांचा बेत आहे. मी त्यांना आधी इतिहास सांगतो. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारींनी बेटावर तट बांधायला घेतला. मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून वाट अडवली. पण त्यांना खोल पाणी आणि वारा लागे. आपल्या उथळ होड्या रात्री वल्ही मारत रसद पोचवत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी त्यांचं ‘डव्ह’ जहाज पकडलं. जानेवारीत इंग्रज हटले, किल्ला राहिला. म्हणून पोरांनो, भरती-ओहोटी बघूनच निघा, खडपं ओळखणारा तांडेल सोबत घ्या आणि बेटावरच्या वेताळाला नारळ द्या.